दोन जुने संगणक आणि तीन मीटरची क्रॉस केबल

आमच्या छोट्या छापखान्यात विंडोज एक्सपीवर चालणारे दोन संगणक अजून कामात आहेत, कारण श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरजुळणी केलेली पंधरा वर्षांची पुस्तके त्यांच्यावरच आहेत. त्यांपैकी एकाची हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा सुमारे ४० जीबीचे काम दुसऱ्यावर हलवण्यासाठी मी दीडशे रुपयांना दोन संगणक थेट एकमेकांना जोडणारी ही तयार क्रॉस केबल घेतली.

त्याआधी साधी लॅन केबल लावून पाहिली होती, पण दोन्ही संगणकांच्या नेटवर्क कार्डांवरचे दिवे लागलेच नाहीत. १०० मेगाबिटच्या जुन्या कार्डात १ आणि २ क्रमांकाच्या पिना माहिती पाठवतात, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना ती घेतात. त्यामुळे मध्ये हब किंवा स्विच (अनेक संगणक जोडणारी पेटी) नसेल, तर साध्या केबलने पाठवणाऱ्या पिनांसमोर पाठवणाऱ्याच पिना येतात. क्रॉस केबलमध्ये या दोन जोड्यांची एका टोकाला अदलाबदल केलेली असते. खरेदी करताना पाकिटावरच्या छपाईवर विसंबू नये. दोन्ही टोके शेजारी धरावीत आणि एकीकडे पहिली तार पांढरी-हिरवी, दुसरीकडे पांढरी-नारिंगी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

केबल लावताच दिवे लागले. एका संगणकाला १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२ हा आयपी पत्ता दिला, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग दोघांना समान, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवला, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याच्या वाटेचा पत्ता) रिकामा सोडला आणि सव्वा तासात सगळी पुस्तके एकही फाइल न बिघडता पलीकडे पोहोचली, याचे मला मनापासून समाधान आहे. तक्रार एकच: प्लगच्या खिट्टीवर रबरी टोपी नाही, त्यामुळे वरचेवर काढघाल केल्यास ती तुटेल.

ज्यांच्या दोन संगणकांपैकी एक जरी नवा, गिगाबिट पोर्टचा असेल, त्यांनी मात्र ही केबल घेण्याची गरज नाही. असे पोर्ट पाठवण्या-घेण्याच्या जोड्या बहुधा स्वतःच ओळखून बदलते, आणि माझ्या लॅपटॉपला एक्सपी साध्या केबलनेही जोडला गेला. तिथे अडचण निराळीच निघाली: एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने फोल्डर शेअर करतो, ती एसएमबी-१ पद्धत नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी बंद असते. ती चालू करण्याऐवजी मी लॅपटॉपवर तात्पुरता एफटीपी सर्व्हर (फाइली देण्या-घेण्याचा प्रोग्राम) चालवला आणि त्याचे वायफाय बंद ठेवले, कारण २०१४ पासून नियमित सुरक्षा-अद्ययावती न मिळालेल्या एक्सपीचा इंटरनेटशी संबंध येऊ द्यायचा नव्हता.