कथेच्या घटकांचा कार्डसंच: बारावीच्या मुलांना घ्यावा का?

माझी भाची यंदा बारावीला आहे. 'कथा' या साहित्यप्रकारावरच्या प्रश्नांनी पोरगी रडकुंडीला आली होती, म्हणून अप्पा बळवंत चौकातून हा संच आणला. 180 रुपये वसूल झाले.

कथानक, पात्रचित्रण, संघर्ष, संवाद, वातावरणनिर्मिती, निवेदन अशी कार्डं आहेत. व्याख्या दोन ओळींत उरकल्यात, ते बरंच केलंय. पाठांतराला गाईडं आहेतच. खरी किंमत मागच्या बाजूच्या उताऱ्यांची. एका कार्डावर गावाकडचं स्वयंपाकघर आहे: थंड चूल, बुरशी धरलेली लोणच्याची बरणी, पालथं घातलेलं एकच ताट. खाली प्रश्न, 'इथे कोण राहत होतं?' भाचीने ताटावर बोट ठेवलं, 'मावशी, एकटं माणूस होतं गं.' वातावरणनिर्मिती म्हणजे नुसतं पावसापाण्याचं वर्णन नव्हे, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. निवेदनाचं कार्डही सुरेख: एकच भांडण आधी 'मी'च्या तोंडून, मग त्रयस्थाच्या.

उजळणीसाठी दिलेली अलंकारांची कार्डं मात्र घाईत उरकलेली दिसतात. 'तिचे डोळे जणू कमळेच' हे उदाहरण चक्क उपमेखाली छापलंय. उपमेत नुसतं साम्य सांगतात. इथे डोळे कमळंच असावीत अशी कल्पना केली आहे, म्हणजे ही उत्प्रेक्षा. अशाने मुलांचे हक्काचे गुण जातात, प्रकाशकांनी हे दुरुस्त करायलाच हवं. तोवर ते कार्ड बाजूला काढा.

कागद पातळ आहे, लॅमिनेशन करून घ्या.