इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी आधी हेडफोन की ड्रम अ‍ॅम्प?

फ्लॅटमध्ये एकट्याने सराव करणार असाल तर आधी हेडफोन घ्या. अ‍ॅम्पचे पैसे बँडबरोबर वाजवायची वेळ येईल तेव्हा घाला.

हेडफोन मात्र बंद कपांचाच हवा. रबरी पॅडवर काठी पडली की खोलीत टकटक होतेच. उघड्या कपांतून ती कानात शिरते आणि ती झाकायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. व्हिक फर्थचा एसआयएच२ बाहेरचा आवाज सुमारे २५ डेसिबलने अडवतो, म्हणून मॉड्यूल (पॅडवरच्या फटक्यांचा आवाज तयार करणारा डबा) कमी आवाजावरही पुरतं. हा फरक कानांसाठी मोठा आहे. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये (ओहम म्हणजे विद्युत अवरोधाचं माप) मिळतो. ड्रमसाठी ३२ किंवा ८० घ्या. २५० ओहमचा बऱ्याच मॉड्यूलवर दबका वाजतो. ब्लूटूथ हेडफोन नकोच, काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो. मॉड्यूलमधलं ब्लूटूथ बहुधा फोनवरचं गाणं आत घेण्यापुरतंच असतं.

आवाज लावताना नॉब शून्यावर आणा, हेडफोन घाला, आपल्या सगळ्यात जोरकस फटक्याने स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) वाजवत हळूहळू वाढवा. गाणं किटला झाकत असेल तर गाणं कमी करा. स्नेअर हरवत असेल तर मॉड्यूलमध्ये किक (पायाने वाजणारा ड्रम) आणि सिंबलची (थाळ्यांची) पातळी उतरवा, मास्टरला म्हणजे एकूण आवाजाच्या नॉबला हात लावू नका. सेन्सिटिव्हिटी (पॅडची फटक्याला प्रतिसाद देण्याची तीव्रता) वाढवून आवाज वाढवायचा मोह सर्वांत घातक: हलके फटकेही पूर्ण जोराचे नोंदले जातात आणि घोस्ट नोट्स, म्हणजे मुद्दाम अगदी हळू वाजवलेले फटके, संपतात.

अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर गिटारचा नको. किकचा खालचा आणि सिंबलचा वरचा स्वर त्याला पेलत नाही. रोलँडचा पीएम-१०० (८० वॅट, १० इंची स्पीकर) खोलीपुरता भरपूर आहे. समोर गिटार अ‍ॅम्प असतील तर पीएम-२०० (१८० वॅट, १२ इंची) बरा. एकाच अ‍ॅम्पला जोडताना मॉड्यूलच्या एल/मोनो जॅकमधून मोनो केबल काढा. तीच केबल हेडफोनच्या जॅकला लावली तर उजवी बाजू शॉर्ट होते. मॉड्यूल पाऊण, अ‍ॅम्प शून्य, मग अ‍ॅम्प वाढवायचा. उलट केलंत तर सूं-सूं ऐकू येते. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद.

काही मॉड्यूलवर एकच नॉब हेडफोन आणि आउटपुट दोन्ही हलवतो. पुढेमागे मंचावर वाजवणार असाल तर दोन वेगळे नॉब असलेलं मॉड्यूल बघा, नाहीतर स्वतःला ऐकू यावं म्हणून वाढवलेला आवाज थेट मिक्सरवर जातो. हेडफोनवर जमवलेली किक अ‍ॅम्पवर, त्यातून अ‍ॅम्प कोपऱ्यात असेल तर, घुमते. किटची प्रत दुसऱ्या रिकाम्या जागी साठवून तिथे किक उतरवा.

खालच्या मजल्यावरची तक्रार हेडफोनने थांबत नाही, कारण पेडलचा धक्का जमिनीतून जातो. त्यावर उपाय म्हणजे प्लायचे दोन थर आणि मध्ये टेनिस बॉल ठेवून केलेला ओटा. हा खर्च अ‍ॅम्पच्या आधी करा.