लॉकिंग बोल्टची चावी हरवली, की बोल्टच गळाला? गाडी हलवायची की नाही

खंबाटकीच्या अलीकडे आमच्या पोलोचं मागचं चाक बसलं. स्टेपनीत हवा होती, जॅक जागेवर होता, चार बोल्ट निघाले. पाचवा लॉकिंग बोल्ट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनेच फिरणारा, आणि ती चावी टूलकिटमध्ये नाही. महिन्यापूर्वी टायर बदलले तेव्हा ती दुकानातल्या पान्यातच राहिली होती. शेजारून ट्रक सुसाट जात होते, आई मागच्या सीटवर बसलेली. असा प्रसंग तुमच्यावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करा. चावी हरवणं आणि बोल्ट नसणं या दोन अडचणी सारख्या नाहीत, पण लोक दोन्हींना एकच समजतात.

चावी नाही पण सगळे बोल्ट आवळलेले आहेत, तर चाकाला काही धोका नाही. ऑफिसला खुशाल जा. अडेल ते पंक्चर झाल्यावर, म्हणून गावाबाहेर किंवा रात्रीच्या प्रवासाला मात्र निघू नका.

बोल्टच नसेल तर प्रकरण गंभीर. बोल्ट आवळला की चाक हबवर, म्हणजे ते ज्या फिरत्या भागावर बसतं त्यावर, दाबलं जातं आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाकाला धरून ठेवतं. एक बोल्ट गेला की पाचातला पाचवा हिस्सा दाब गेला, चारवाल्या गाडीत चौथा. उरलेल्यांवर, विशेषतः शेजारच्या दोघांवर, ताण वाढतो. पाचातला एक नसेल तर बाकीचे नीट आवळून, ताशी ३०-४० च्या आत, माणसं आणि सामान उतरवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. घाट आणि एक्सप्रेसवे नाही. चारातला एक नसेल तर मी जवळच्या दुकानापलीकडे जाणार नाही. एकाच चाकाचे दोन गेले असतील तर गाडी हलवूच नका. इतर चाकांतून एकेक साधा बोल्ट काढून इथे लावला, तर पाचवाल्या गाडीत प्रत्येक चाकाला निदान चार मिळतात. मारुती, ह्युंदाईसारख्या गाड्यांत हबमधून स्टड, म्हणजे आटे असलेले दांडे, बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतो. तिथे स्टडच तुटला असेल तर उसना नट काय कामाचा?

बोल्ट आपणहून गळाला असेल तर बाकीचेही सैल असणार हे धरून चाला. चाकाचं भोक लांबुळकं झालेलं दिसलं तर ते चाक परत लावू नका, नवे बोल्ट घातले तरीही.

चावीविना बोल्ट काढायचा कसा, यात तीन वाटा आहेत. वेळ असेल तर मी डोळे मिटून सर्व्हिस सेंटर निवडेन. त्यांच्याकडे मास्टर चाव्यांचा संच असतो, बोल्टला ओरखडाही येत नाही. चावीवर कोरलेला कोड तुमच्याकडे असेल तर नवी चावीही मागवता येते. म्हणून आज घरी गेल्यावर त्या कोडचा फोटो काढून ठेवा.

रस्त्यावर अडकलात तर हातोडा. आमच्या पंक्चरवाल्याने बोल्टच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचा सॉकेट (डोक्यावर बसणारा पोकळ पाना) घेतला, ठोकून ठोकून डोक्यावर बसवला आणि लांब दांड्याने झटका दिला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला. बोल्ट वाया गेला, सॉकेटही त्यातच अडकला. पण चाक सुटलं. डोक्याभोवती मोकळी फिरणारी कडी असेल तर ही युक्ती चालत नाही.

वेल्डिंगवाला डोक्यावर नट जोडून तो फिरवतो. निघतो, पण उष्णतेने अलॉयचा रंग जातो, आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर चुकीच्या जागी लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. बाकी सगळं फसलं तरच.

निघाल्यावर पुन्हा काय लावायचं? महागडी अलॉय आणि गाडी रात्रभर रस्त्यावर उभी, तर नवा लॉकिंग संच घ्या. स्टीलची चाकं असतील किंवा सोसायटीत बंद पार्किंग असेल तर साधेच बोल्ट बरे. मी तेच केलं. मात्र ‘कुठलाही बोल्ट चालतो’ असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. पोलोच्या मूळ बोल्टचा व्यास १४ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी आणि चाकावर टेकणारा भाग गोलसर. बाहेरच्या बऱ्याच अलॉयना ६० अंशांचा शंकूसारखा लागतो. आकार जुळला नाही तर बोल्ट कडेवरच टेकतो, आज घट्ट वाटतो आणि पुढे सैल होतो. लांबीही तीच हवी: आखूड असेल तर पुरेसे आटे पकडत नाहीत, लांब असेल तर आतल्या भागांना घासू शकतो.

बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आट्यांना ग्रीस नको. लॉकिंग बोल्टवर एअर गन लावू देऊ नका, चावीचे दात तिथेच तुटतात. पोलोला शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा रेंच लावून बघा. आमचा एक बोल्ट तेव्हा पाव फेरा आवळला गेला होता.