घसा खवखवतोय आणि रियाज सोडवत नाही? सिलिकॉनची नळी घ्या

पावसाळ्यात घसा धरला की गाणाऱ्यांची पंचाईत होते, पूर्ण गप्प बसलं तर कार्यक्रमाच्या दिवशी आवाज उघडत नाही आणि नेहमीसारखा खर्ज भरायला (खालच्या सुरांचा रियाज करायला) गेलं तर घसा अजून सुजतो. यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे सिलिकॉनची नळी. साधारण 35 सेंमी लांब, बोटाएवढी जाड, ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळते. फिनलंडमध्ये आवाजाच्या उपचारासाठी 1960 च्या दशकापासून काचेच्या नळ्या वापरतात, ही त्यातलीच मऊ बहीण.

अर्ध्या बाटली पाण्यात टोक 2 सेंमी बुडवायचं, ओठ नळीभोवती नीट मिटायचे, गाल सैल, आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाण्यामुळे हवेचा थोडा दाब उलटा येतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. मला हेच फार आवडलं, कारण नुसतं गुणगुणताना आपण नकळत जोर लावतो, इथे जोर लावला की बुडबुडे लगेच वेडेवाकडे येतात आणि कळतं. तानपुरा मी नेहमी काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावते, तो आता त्यापेक्षा दोन सूर खाली लावते, आधी नुसता सा, मग सा पासून प पर्यंत हळू मींड (न तोडता सूर घसरवत नेणं) वर-खाली. तार सप्तकाकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, बघायचंही नाही. पाचेक मिनिटं झाली की थांबायचं, घोटभर कोमट पाणी, मग परत थोडं. शेवटी नळी काढून मऊ आकार (नुसता 'आ') लावून बघायचा, खरखर आली तर त्या दिवशी तिथेच बंद. आणि प्लीज, मेंथॉलची गोळी चघळून घसा बधिर करून हे करू नका, दुखलेलं कळायलाच हवं.

ताप असेल, गिळताना दुखत असेल किंवा आवाज पूर्ण बसला असेल तर नळी पण नको, मौनच (कुजबुजणं सुद्धा नको, त्यानेही ताण येतो). दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवाच.

नळीत एक त्रास आहे, नवीन असताना रबरासारखा वास येतो आणि आतून घासायला ब्रश देत नाहीत, तो वेगळा घ्यावा लागतो. सर्दीत वापरल्यावर दरवेळी साबणाने धुऊन उभी टांगून वाळवा, पाणी रोज नवीन, आणि घरात दोघं गाणारे असाल तर दोन नळ्या मागवा. पाचपैकी साडेचार.