हातकागदाच्या वह्या: कागद झकास, हळदीचा रंग मात्र जपून घ्या

दिवाळीआधी पुण्यात एका प्रदर्शनात घेतल्या होत्या, तीन वह्या आणि दहा पाकिटं, ४५० रुपये. चार महिने रोज वापरतेय म्हणून आता लिहिते.

कागद खरंच मस्त आहे. होजिअरीच्या सुती चिंध्या आणि ऑफिसातली रद्दी मिसळून केलाय असं स्टॉलवरच्या ताई म्हणाल्या आणि ते हाताला कळतं, कारण नुसत्या रद्दीचा कागद घडीवर लगेच तुटतो, दरवेळी लगदा करताना तंतू आखूड होत जातात ना, सुती तंतू लांब असतात त्यामुळे ही पाकिटं कितीदा उघडली तरी घडी शाबूत आहे. शिवाजीनगरला शेतकी कॉलेजजवळ १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथलाही कागद चिंध्यांचाच, कॉलेजात असताना मी चित्रांसाठी तिथूनच आणायचे, तोच स्पर्श आठवला एकदम.

शाईचं पेन वापरणाऱ्यांनी मात्र आधी एका कोपऱ्यात लिहून बघा. माझ्या दोन वह्या छान निघाल्या, तिसरीत शाई फुटते, त्या कागदाला खळ कमी लागलीय. बॉलपेनला काही त्रास नाही.

आता रंग. निळीची वही आहे तशीच आहे, मंजिष्ठा या मुळीच्या रंगाची गुलाबीसर वही किंचित फिकी झाली पण अजून सुंदर दिसते. हळदीची वही खिडकीजवळच्या टेबलावर राहिली आणि पंधरा दिवसांत पिवळा रंग उडून पार सायीसारखा फिका झाला, वर साबणाचा ओला हात लागला तिथे लालभडक डाग! हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तसंच हे, साबणही चुन्यासारखा अल्कधर्मीच. म्हणजे ताईंनी फसवलं नाही, उलट रंग खरा हळदीचाच आहे हे कळलं, पण गिऱ्हाईकाला हे आधी सांगायला हवं, वहीवर एक चिठ्ठी चिकटवली तरी पुरे. फोन करून बोलले तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिवळा हवा असेल तर तुरटी घालून डाळिंबाच्या सालींचा करतो म्हणाल्या, तो उन्हात जास्त टिकतो.

पुतणीच्या बारशाच्या पत्रिकांसाठी त्यातलीच ५० पाकिटं सांगितलीत.