सिंगापूरची एमआरटी: लहान पोरं घेऊन जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सिंगापूरचं प्लॅनिंग करताना सगळे तिकिटांचंच विचारतात, झू करायचं का, सेंटोसा बेटाला किती वेळ ठेवायचा, पण पोरं बरोबर असली की दिवस कसा जाणार हे तुम्ही कशानं फिरताय त्यावर ठरतं, आणि माझं सरळ मत आहे की एमआरटीनंच, म्हणजे तिथल्या मेट्रोनंच फिरा. आमच्याबरोबर साडेतीन वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, सासूबाई आणि प्रॅम एवढा लवाजमा होता आणि कुठंही प्रॅम उचलून जिने चढावे लागले नाहीत. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, टॉयलेट आहे, एक रुंद गेट असतं तिथून प्रॅम न दुमडता आत जाते.

पैशाचं सांगते. 0.9 मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. वेगळं कार्ड काढायची गरज नाही, आपलं कॉन्टॅक्टलेस डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना परत टेकवायचं, अंतराप्रमाणे पैसे कटतात, बहुतेक फेऱ्या 1 ते 3 सिंगापूर डॉलरमध्ये होतात. मात्र एका कार्डवर एकच माणूस, नवरा-बायकोला दोन कार्डं लागतात, आणि परदेशी कार्डावर थोडी ॲडमिन फी पडते.

ॲपवरून गाडी का नको, तर तिथे 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. मीटरवाल्या टॅक्सीला यातून सूट आहे पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही, त्यामुळे सीटवाली गाडीच बुक करावी लागते आणि दोन पोरं असली की ते आणखी अवघड. रात्री उशिरा सामान घेऊन एअरपोर्टला जायचं असेल तर टॅक्सी ठीक, बाकी दिवसभर नको.

आता खरी मजा. 2003 साली सुरू झालेली नॉर्थ ईस्ट लाइन विनाड्रायव्हर चालते, सर्कल, डाउनटाउन आणि थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनचंही तसंच, म्हणजे पहिल्या डब्यात गेलात की समोरच्या काचेतून अख्खा बोगदा दिसतो. आमची पोरं त्या काचेला चिकटून बसली, स्टेशनचे दिवे लांबून जवळ येताना दिसले की ओरडायची, झूइतकीच मजा त्यांना इथे आली आणि तीही एमआरटीच्या तिकिटाच्या पैशात. वेळ असेल तर बुकिट पांजांग भागातली एलआरटी, म्हणजे छोटी मेट्रो, पण करा, बिल्डिंगजवळून जाताना गाडीच्या खिडक्या आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून! सात वर्षांच्या मुलीला हे इतकं आवडलं की काच परत कधी धूसर होतेय तेच बघत बसली. डबल डेकर बसमध्ये वरची पुढची सीट मिळाली तर सोडू नका, फक्त वर जाताना प्रॅम दुमडावी लागते.

बेफ्रंट स्टेशनला उतरलात की खालूनच गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेकडे जाता येतं, ऊन लागत नाही. तिथलं मुलांचं पाण्यात खेळायचं गार्डन फुकट आहे, टॉवेल आणि कपड्यांचा जादा जोड न्या, सोमवारी सहसा बंद असतं. सुपरट्रीचा, म्हणजे तिथल्या झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा लाइट शो रात्री 7:45 आणि 8:45 ला, तोही फुकट. पहिला शो संपला की सगळी गर्दी एकदम बेफ्रंटकडे निघते, पोरांना दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसवा आणि मग निघा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, गाडीत आणि स्टेशनच्या गेटच्या आत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा नाही, 500 डॉलरपर्यंत दंड आहे. तिथल्या दमट हवेत पोरं सारखी पाणी मागतात, म्हणून गेटच्या बाहेरच सगळ्यांना पाजून घ्यायचं. सकाळी आठ-नऊ आणि संध्याकाळी सहा-सातला ऑफिसची गर्दी असते, प्रॅम असेल तर ती वेळ टाळा. लाइन बदलायची असली की मोठ्या स्टेशनांवर आतल्या आत बरंच चालावं लागतं, तिथे लिफ्टच्या पाट्या बघत चला, एस्केलेटरच्या नादी लागू नका, ते जोरात चालतात.

झूच्या जवळ मात्र स्टेशन नाही, खातिबला उतरून पुढे शटल बस घ्यावी लागते, त्या दिवशी सकाळी लवकर निघा.