एन्क्रिप्टेड क्लाउडला आरक्लोन आणि रेस्टिक जोडल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

गेले बरेच महिने माझी कागदपत्रे, छायाचित्रे आणि जुन्या प्रकल्पांच्या फाईल यांचा बॅकअप एका एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड क्लाउडवर, म्हणजे सेवा देणाऱ्यालाही मजकूर वाचता येत नाही अशा साठवणुकीवर, आरक्लोन (क्लाउडशी फाईलींची देवाणघेवाण करणारे) आणि रेस्टिक (बॅकअप घेणारे) या दोन मुक्त साधनांमार्फत जात आहे. ही मांडणी आता चांगली स्थिरावली आहे. बॅकअपसाठी मला ती भरवशाची वाटते आणि दुतर्फा सिंकसाठी (दोन्हीकडच्या फाईली एकसारख्या ठेवण्यासाठी) जेमतेम चालण्याजोगी. क्लाउड संगणकाच्या ड्राइव्हसारखा जोडून (माउंट करून) थेट त्यावरच्या फाईलींवर काम करायचे असेल, तर मात्र मी ती कोणालाही सुचवणार नाही.

साध्या क्लाउडला बॅकअपचे साधन जोडणे सोपे असते, कारण तेथे वेबडॅव्ह किंवा एस-थ्री असे फाईली पाठवण्या-आणण्याचे सर्वमान्य मार्ग उपलब्ध असतात; पत्ता आणि किल्ली दिली की काम भागते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या सेवेत फाईल आपल्या संगणकावरून निघण्यापूर्वीच कूटबद्ध (एन्क्रिप्ट) व्हावी लागते आणि बहुतेक ठिकाणी तिचे नावही सर्व्हरला कळू द्यायचे नसते, त्यामुळे जे साधन जोडायचे त्याला त्या सेवेची संपूर्ण एन्क्रिप्शन पद्धत अवगत असणे भाग पडते. काही सेवा यासाठी आपल्याच संगणकावर चालणारा दुवा पुरवतात; उदाहरणार्थ, मेगा या क्लाउड सेवेचे मेगासीएमडी हे साधन स्थानिक वेबडॅव्ह सर्व्हर सुरू करू शकते. अन्य सेवांसाठी आरक्लोनमध्ये थेट जोडणी आहे. प्रोटॉन ड्राइव्हची जोडणी आरक्लोनच्या १.६४ या आवृत्तीत, २०२३ साली आली. प्रोटॉनने तेव्हा एपीआयची (बाहेरच्या प्रोग्रॅमने सेवेशी बोलण्याच्या पद्धतीची) माहिती प्रसिद्ध केलेली नसल्यामुळे ती सेवेच्या खुल्या सोर्स कोडचा अभ्यास करून आणि ब्राउझरमधील देवाणघेवाण पाहून लिहिली गेली, असे आरक्लोनच्या दस्तऐवजातच नमूद आहे. अशी जोडणी लिहिणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण सेवेने आपल्या बाजूने काही बदलले की जोडणी अडू शकते, हे गृहीत धरूनच तिच्यावर विसंबावे. मी वापरतो त्या सेवेत असे घडले आणि आरक्लोनची नवी आवृत्ती येईपर्यंत अपलोड थांबून राहिले. त्या काळात बाह्य हार्ड डिस्कवरील दुसरी प्रत होती, म्हणून काळजीचे कारण उरले नाही.

वेगाच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रत्येक फाईलसाठी स्वतंत्र किल्ली तयार करणे, नाव कूटबद्ध करणे, मजकुराचे तुकडे करून पाठवणे आणि शेवटी नोंद पक्की करणे, एवढे सोपस्कार एका लहानशा मजकूर फाईललाही चुकत नाहीत. परिणामी मोठा व्हिडिओ ठीक चालीने जातो आणि हजारो बारीक फाईलींचा फोल्डर मात्र रांगत जातो. आरक्लोन मुळात एका वेळी ४ फाईली पाठवते. तो आकडा वाढवला की वेग वाढेल असे वाटते, परंतु सर्व्हर विनंत्या नाकारू लागतो आणि थांबून पुन्हा पाठवण्यात एकूण वेळ वाढतो. मी तो आकडा २ वर आणला आणि रात्रीचे काम सुरळीत होऊ लागले.

या अडचणीवर खरा उतारा रेस्टिकने दिला. रेस्टिक फाईलींचे तुकडे करून ते साधारण १६ मेबिबाइटच्या गठ्ठ्यांत बांधते, सारखे तुकडे एकदाच साठवते आणि तेच गठ्ठे आरक्लोनमार्फत क्लाउडवर ठेवते. रेस्टिक पडद्याआड आरक्लोन स्वतःच चालू करते, त्यामुळे वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही. हजारो लहान फाईलींच्या जागी मोजके मोठे गठ्ठे जाऊ लागल्यावर तोच फोल्डर पूर्वीच्या मानाने फार लवकर पोहोचतो. शिवाय फाईलींची संख्या आणि प्रत्येकीचा आकार ही जी माहिती एन्क्रिप्टेड क्लाउडलाही अंदाजाने कळत असते, तीही गठ्ठ्यांमुळे झाकली जाते.

पडताळणीकडे वापरकर्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. सर्व्हरकडे फक्त कूटबद्ध मजकूर असल्याने मूळ फाईलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तो स्वतः काढू शकत नाही. ज्या सेवांत हॅश मिळतो, तेथे तो अपलोडच्या वेळी आपल्याच संगणकाने काढून फाईलसोबत ठेवलेला असतो. म्हणून आरक्लोनची नेहमीची तपासणी बिनचूक पार पडली, तरी तिचा अर्थ अपलोडच्या वेळची नोंद जुळते एवढाच असतो. क्लाउडवर आज जे बाइट आहेत ते शाबूत आहेत, असे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी डाउनलोडचा पर्याय देऊन दोन्हीकडचा मजकूर प्रत्यक्ष वाचून ताडून पाहावा लागतो. रेस्टिकमध्ये साठवलेल्या मजकुराचा ठरावीक हिस्सा उतरवून तपासण्याची सोय आहे; मी दर आठवड्याला वेगळा हिस्सा तपासतो, म्हणजे काही काळात सगळा साठा एकदा नजरेखालून जातो.

सुरक्षिततेचा सर्वांत नाजूक बिंदू क्लाउडवर नाही, तो आपल्याच संगणकावर आहे. खात्याची माहिती साठवणारी आरक्लोनची कॉन्फिग फाईल पासवर्ड केवळ अस्पष्ट रूपात ठेवते. ते एन्क्रिप्शन नव्हे, आणि ही फाईल ज्याच्या हाती पडेल त्याला मूळ पासवर्ड सहज परत मिळवता येतो. कॉन्फिगसाठी स्वतंत्र पासवर्ड ठेवण्याची सोय आरक्लोनमध्ये आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. मी ती पहिल्याच दिवशी चालू केली आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामासाठी तो पासवर्ड ऑपरेटिंग सिस्टिमच्या किल्ल्यांच्या तिजोरीतून मागवण्याची व्यवस्था केली. गोपनीयतेसाठी वेगळे पैसे मोजायचे आणि खात्याचा पासवर्ड उघड्यासारखा डिस्कवर ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

सिंकबद्दल थोडक्यात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे चुकून पुसलेली फाईल तिकडूनही पुसली जाते. आरक्लोनच्या सिंकला जुन्या फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याचा पर्याय देता येतो. तो न देता सिंक चालवू नये, आणि नव्या फोल्डरवर आधी ड्राय रन (प्रत्यक्ष बदल न करणारी चाचणी) करून काय पुसले जाणार ते वाचून घ्यावे. दुतर्फा सिंकमध्ये अर्ध्याहून अधिक फाईली पुसल्या जाणार असतील तर आरक्लोन आपणहून थांबते, ही दक्षता मला फार मोलाची वाटते.

जागेच्या हिशेबातही एक खाच आहे. रेस्टिकने जुने स्नॅपशॉट (त्या त्या वेळचे बॅकअप) यादीतून काढून साफसफाई केली, तरी काही सेवांत पुसलेले गठ्ठे कचरापेटीत जातात आणि कोट्यातील जागा अडवून बसतात. माझ्याकडे साफसफाईनंतरही वापरलेली जागा तसूभर कमी झाली नव्हती; आरक्लोनच्या क्लीनअप आदेशाने कचरापेटी रिकामी केल्यावरच आकडा खाली आला. तो आदेश आता मासिक कामाचा भाग आहे. अर्थात कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी रेस्टिकची तपासणी पार पडली पाहिजे, हा क्रम मी उलटा होऊ देत नाही.

आता प्रश्न उरतो तो पैशांचा. रेस्टिक स्वतःच सारे कूटबद्ध करून पाठवते, म्हणून केवळ बॅकअप हवा असेल तर साध्या एस-थ्री साठवणुकीवरही मजकूर तितकाच खासगी राहतो, आणि तेथे वेग अधिक व जोडणी पक्की असते. एन्क्रिप्टेड क्लाउडचा खरा लाभ फोनवर छायाचित्रे पाहणे, कोणाला सुरक्षित दुवा पाठवणे, ब्राउझरमधून एखादा कागद उघडणे अशा रोजच्या वापरात आहे. ज्यांच्याकडे त्यासाठी खाते आधीपासून आहे आणि जागा शिल्लक आहे, त्यांनी तेथेच बॅकअप ठेवावा. ज्यांना फक्त बॅकअपसाठी नवे खाते घ्यायचे आहे, त्यांना मी साध्या साठवणुकीकडे वळायला सांगेन. दोन्ही ठिकाणी रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा कायमचा बंद होतो, आणि एन्क्रिप्टेड क्लाउडमध्ये त्याच्या जोडीला खात्याचे रिकव्हरी वाक्य किंवा रिकव्हरी किल्लीही जपावी लागते. मी या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून, ज्या संगणकाचा बॅकअप घेतो त्यापासून दूर ठेवल्या आहेत.